नावाची वही

माझ्या ट्रंकेच्या तळाशी एक वही आहे. काळ्या पुठ्ठ्याची, कॉलेजात असतानाची. बायकोनं ती रद्दीत घालायला तीनदा बाहेर काढली आणि तिन्ही वेळा मी तिच्यावर खेकसून परत ठेवली. का ठेवली, हे तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. आता वय झालं, ऐकणारे कमी उरले, म्हणून लिहून टाकतो. यात कोणाचंही नाव येणार नाही, आमच्या गावाचंसुद्धा नाही. एका नावापायी मी जे करून बसलो तेवढं पुरे झालं.

वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द आहे, नाव. खाली युरोपातल्या भाषांमधले त्याचे भाऊबंद. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं, आणि माझ्या वडिलांच्या मते शिकायचं तर नागपूरलाच. तिथं आमचे संस्कृतचे प्राध्यापक लॅटिन आणि ग्रीकही जाणणारे होते. एके सकाळी त्यांनी फळ्यावर संस्कृतातलं ‘नामन्’ लिहिलं आणि त्याच्याखाली एकेक शब्द उतरवत गेले. लॅटिन नोमेन, ग्रीक ओनोमा, इंग्रजी नेम, जर्मन नामे, इटालियन नोमे, फ्रेंचांनी शेवट खाऊन टाकलेला नों. मग जरा लांबचे, चेहरा बदललेले: रशियन इम्या, वेल्श लोकांचा एनू. फळा भरला आणि मी येडा झालो. आमच्या गावच्या पाणवठ्यावर बायका बोलतात तो शब्द आणि रोमच्या सरदारांचा शब्द एकाच घरातले! मला वाटलं, ही गोष्ट जगात मला एकट्यालाच कळली.

त्या दिवशी मी ती वही सुरू केली. लायब्ररीतले कोश धुंडाळायचो. हंगेरीतही नावाला ‘नेव’ म्हणतात, पण ती भाषा आपल्या घरातली नाही, मग हे साम्य आलं कुठून, यावर मी दोन पानं खरडली आहेत. स्पेनच्या डोंगराकडेच्या बास्क लोकांचा शब्द ‘इसेन’, त्याचं कोणाशीच नातं नाही, तो मला बिचारा अनाथ वाटायचा. रोमन लोकांचं नोमेन म्हणजे खरं तर कुळाचं नाव, आणि त्यांच्या मुलींना वेगळं नावच नसायचं. कुळाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप करायचं की झालं, मग घरात चार मुली असल्या तर थोरली, धाकटी, तिसरी म्हणायचं. हे मी मित्रांना हसत सांगायचो. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून मुलीचं जुनं नाव पुसतात, हे मला तेव्हा आठवलं नाही. जुने पंडित म्हणत, नाव हा शब्द ‘जाणणे’ याच धातूतून निघाला, ज्यानं जाणलं जातं ते नाव. पुढच्या पंडितांनी ते खोडलं. मला मात्र जुनं मत आवडलं म्हणून मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. असा माझा अभ्यास.

बीए झालो आणि नोकरीची वाट बघत गावी येऊन बसलो. गाव डोणगावापासून दोन कोसांवर. जर्मनी-जपानची लढाई चालू होती. गावात इंग्रजी लिहिणारा मी एकटा, त्यामुळे मला शिंगं फुटली होती. सकाळी आमच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायचो. अर्ज, पत्र, नोटिशीचं उत्तर, जे येईल ते लिहून द्यायचो आणि मधूनमधून अक्कल पाजळायचो. समोर चार-पाच रिकामी माणसं पान चघळत बसलेली असायची, त्यांना काही कळायचं नाही, पण ते मान डोलवायचे.

ओट्यावर कागद घेऊन येणाऱ्यांत एक आमच्याच गावची सून होती. माळ्यांच्या घरची. नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा. तिचा नवरा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. मला पोहायला त्यानंच शिकवलं. मळ्यातल्या विहिरीत कमरेला दोर बांधून ढकलून द्यायचा आणि वरून ओरडायचा, “हात मार बे, हात मार!” खामगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची मोटार चालवायला तो शिकला आणि तिथून फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला. जाताना तो बायकोला सांगून गेला होता की कागदपत्राचं काही आलं तर त्याच्याकडे जा, तो आपला माणूस आहे. त्याच्याकडे म्हणजे माझ्याकडे. हे मला त्या काळी माहीत नव्हतं असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला माहीत होतं. ती पहिलं पत्र घेऊन आली तेव्हा तिनंच सांगितलं होतं.

मूल नव्हतं. सासऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली, सासूच्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा गेलेली. घर, मळा, सासू, सगळं तिच्या एकटीवर. नवरा चौथीपर्यंत शिकलेला, तो मोडक्यातोडक्या अक्षरात पत्र पाठवायचा आणि ते वाचून दाखवायचं काम माझं. शेवटचं पत्र आलं त्यात जागेचं नाव साहेब लोकांनी काळं करून टाकलं होतं. पण मजकुरात त्यानं लिहिलं होतं की इथं आपल्यासारखेच टमाट्याचे मळे आहेत, आणि इथले लोक भेटले की ‘नोमे, नोमे’ म्हणून नाव विचारतात, आपल्याला लगेच समजतं, आपलाच शब्द वाटतो.

मी ताडकन उठलो. घरात जाऊन वही आणली, इटालियन नोमेच्या समोर तारीख टाकली आणि लिहिलं, प्रत्यक्ष ऐकलेला. बाहेर येऊन सगळ्यांना ऐटीत सांगितलं की तो इटलीत आहे, सरकारनं काळं केलं तरी माझ्यापासून लपलं नाही. मग लॅटिन झालं, ग्रीक झालं, अर्धा तास गेला. ती उभीच होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, आणखी काही लिवलं आहे का त्याहिनं. पत्राच्या पाठीमागे चार ओळी राहिल्या होत्या. आईला जप, वांग्याचं बी जपून ठेव, असल्या. त्या मी भराभरा वाचून टाकल्या.

त्यानंतर पत्र आलं नाही. सहा महिने गेले. एक दिवस ती सकाळी आली, पदरात मेथीची जुडी, ती तिनं ओट्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, फौजेच्या हापिसाले इंग्रजीतून एक कागद लिवून द्या, माणूस कुठी आहे, कसा आहे, एवढं इचारा. नंबर असलेला कागद तिनं बरोबर आणला होता. त्यावर पाणी सांडून अक्षरं गेलेली, नंबर तेवढा कसाबसा वाचता येत होता.

मी दौत उघडली, टाक बुडवला आणि विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

आता इथं जरा थांबून सांगतो. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे नागपूरच्या चार बुकांआधीपासून मला ठाऊक होतं. माझ्या आईनं वडिलांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. या वहिनीच्या नवऱ्याच्या नावात एका वाराचं नाव होतं, तर ती तो वारसुद्धा उच्चारायची नाही, बाजाराचा आदला दिवस म्हणायची. सरकारी कामात असं झालं की शेजारचं कोणीतरी नाव सांगायचं, कारकून लिहून घ्यायचा आणि काम पुढं जायचं. कोणाचं काही अडत नव्हतं. आणि नाव तर मला माहीत होतं. विहिरीच्या काठावरून हजार वेळा हाका मारलेलं नाव.

तिनं नेहमीप्रमाणे आजूबाजूला बघितलं, कोणी सांगेल म्हणून. एकानं तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला गप्प केलं. म्हणालो, कोणी सांगायचं नाही, आज वहिनी सांगतील. मग मी सुरू झालो. नाव म्हणजे निव्वळ आवाज, वहिनी. विलायतेत बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात, कोणी मरत नाही. जर्मन नामे म्हणतो, रशियन इम्या म्हणतो, तुमचा नवरा आहे तिथं रस्त्यावरचं पोरगंही नोमे विचारतं. तिला काय कळणार होतं त्यातलं? ती मान खाली घालून ऐकत राहिली. ओट्यावरच्यांना मात्र तमाशा सापडला. कोणी म्हणालं, घ्या नं बाई, उखाण्यात घ्या. मीही हसत म्हणालो, लग्नात घेतलं होतं की!

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तवा थे समोर उभे होते, भाऊजी.”

एवढं बोलणं ऐकून दुसरा कोणीही टाक उचलून लिहायला लागला असता. मला त्यात फक्त अडाणीपणा दिसला. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं हे खूळ हिच्या डोक्यातून आज काढायचंच, अशी मला सुरसुरी आली. सुधारणा करायला निघालो होतो मी, दुसऱ्याच्या जिवावर. म्हणालो, नाव घ्याल त्या दिवशी अर्ज लिहीन. ती तशीच गेली. मेथीची जुडी तिथंच राहिली. आईनं त्या दिवशी तिची भाजी केली आणि मी ती खाल्ली.

तीन आठवड्यांनी ती परत आली. पुन्हा तेच. तेव्हा तिनं विनवणी करून पाहिली. थे तिकडं लढाईत आहेत, आता नोका सांगू मले नाव घ्याले, घरी आले की रोज घेईन म्हणाली. मी म्हटलं, मग घरी आल्यावरच अर्ज लिहू. लोक हसले. मीही हसलो. आज माझा मुलगा कोणाशी असं बोलला असता तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

मेहकरला वकील होते, तिथं ती गेली असती. पण मुकी सासू खाटेवर, तिला दिवसभर टाकून कशी जाणार? आणि नवरा सांगून गेला होता, आपला माणूस आहे म्हणून.

आणखी तीन आठवडे गेले. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती उतरली होती, गालफडं बसलेली. आली, भिंतीकडे तोंड केलं, पदर ओठांवर धरला आणि नाव घेतलं. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. आणि तरी मी म्हणालो, ऐकू नाही आलं.

तिनं दुसऱ्यांदा घेतलं. मग आपल्याच दोन्ही गालांवर हळू हळू मारून घेतलं, देवासमोर चूक झाल्यावर मारून घेतात तसं, आणि तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी अर्ज लिहिला. काय सुंदर लिहिला म्हणून सांगू! वळणदार अक्षर, भारदस्त इंग्रजी. तारीख टाकली, नक्कल ठेवली. अर्ज डोणगावच्या टपालात पडला आणि रात्री जेवताना मी वडिलांना सांगितलं की आज एका बाईची रूढी मोडली. वडील ताटावरून लवकर उठले.

महिन्याभरानं बदामी लिफाफा आला. उत्तर माझ्या पत्त्यावर मागितलं होतं. मी ओट्यावरच फोडला आणि वाचून परत घडी घातली. पान खाणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, काय म्हणते सरकार? मी उठून मळ्याकडे निघालो.

ती वाफ्यांना पाणी देत होती. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बंद करायची, दुसऱ्याचं उघडायची. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. मी उभ्या उभ्या वाचलं. जखमी झाला होता, पाच महिने इस्पितळात होता, हाताला लागलं होतं म्हणून लिहिता येत नव्हतं. जखमी झाल्याचं पत्र सरकारनं पाठवलं होतं, पण आमच्या गावाच्या नावाची वऱ्हाडात तीन गावं, ते भलत्याच गावाला जाऊन परत गेलं. आणि मग तो इस्पितळातच वारला. तारीख दिली होती.

तिनं रडणं-ओरडणं काही केलं नाही. “कोन्त्या दिवशी?” असं विचारलं.

मी इंग्रजी तारीख सांगितली. ती म्हणाली, तसं नाही, मी नाव घेतलं त्याच्या आधी का नंतर?

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. आधी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कागद माझ्या हातात, वाचणारा मी एकटा, तिला कोण सांगणार होतं? पण मला सत्याचीही घमेंड होती. शिवाय अर्जाची नक्कल मी जपून ठेवली होती, दिवस मला पाठ होता. मी म्हणालो, चार दिवसांनी.

वाफा भरून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं. तिनं आधी ते पाणी वळवलं. मग बांधावर बसली.

तिचा हिशेब साधा होता. तिनं नाव घेतलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. गावात बायकांना ती तेच सांगायची. मीच खाल्लं त्याहिले, म्हणायची. माझं नाव तिनं त्यात कधी घेतलं नाही. ओट्यावरच्यांनीही नाही. मी आपला गावातून तोंड चुकवून फिरायचो, आणि बुलढाण्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा सुटल्यासारखा निघालो.

माझा हिशेब वेगळा होता आणि तो मी कोणाला सांगितला नाही. ती अर्जासाठी पहिल्यांदा आली त्या दिवसापासून ते तो वारला त्या दिवसापर्यंत साडेसहा आठवडे होते. पहिल्याच दिवशी नाव लिहून अर्ज टाकला असता तर तो जिवंत आहे एवढं तरी तिला कदाचित कळलं असतं. तिचं एखादं कार्ड त्याच्या खाटेपर्यंत पोचलं असतं. कोणीतरी वाचून दाखवलं असतं. नावानं कोणी मरत नाही, हे माझं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या बरोबर म्हणण्यासाठी मी सहा आठवडे खाल्ले.

वहीत शेवटचा शब्द मी बुलढाण्याला लिहिला. लॅटिन इग्नोमिनिया. नोमेनच्या आधी नकार जोडला की होतो. नाव जाणं, बेअब्रू, मान खाली घालावी लागणं. फ्रेंचांनी घेतला, इटालियनांनी घेतला, इंग्रजांनीही घेतला. आपल्या नामुष्कीत ‘नाम’ दिसतो, पण तो या घरातला नव्हे, अब्रूसाठीच्या अरबी ‘नामूस’पासून फारसीवाटे आलेला. हे सगळं मी नेटकं लिहिलं आणि वही मिटली ती मिटलीच. शाळेत चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण हा शब्द कधी फळ्यावर घेतला नाही.

वऱ्हाड मध्य प्रांतातून सुटलं, महाराष्ट्रात आलं, मी रिटायर झालो. गावी जायचो तेव्हा मळ्याच्या वाटेनं जायचो नाही. शेवटी एका दिवाळीनंतर गेलो. ती मळ्यातच होती. दात पडलेले, कमरेतून वाकलेली, पुतण्याचा संसार तिथं, ती वांगी निवडत बसलेली. मला तिनं आवाजावरून ओळखलं. बसायला पोतं दिलं.

मी घरून ठरवून आलो होतो. सगळं सांगितलं. म्हणालो, वहिनी, तुमच्या नाव घेण्यानं काही झालं नाही. ते पाच महिने इस्पितळात पडून होते. चूक माझी. मी कागद अडवून धरला, सहा आठवडे उशीर केला, चार लोकांत तुमची फजिती केली. दुसऱ्यांदा नाव घ्यायला लावलं तेव्हा मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलेलं होतं. माफी मागायला आलो. म्हाताऱ्या माणसानं रडावं आणि समोरच्यानं वांगी निवडावीत, असं ते चाललं होतं.

किडकं वांगं बाजूला, चांगलं टोपलीत. मला वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नसेल. मग तिनं हात थांबवले.

“एक गोठ मले कवाची इचाराची होती, भाऊजी,” ती म्हणाली. “पोहाले तं तुमाले त्याहिनंच शिकवलं. इथंच, या हिरीत. दिवसभर तुमी त्याहिच्या नावानं हाका मारत जा.” तिनं विहिरीकडे बघितलं. “तुमाले तं नाव माईत होतं नं? मंग मले काऊन इचारलं?”

“माहीत होतं,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत वाट पाहत राहिली.